गोठ्यापल्याडची चूल

गयाबाईंनी सुनेला माझ्यासमोरच्या बाकड्यावर बसवलं, पदरानं स्वतःचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "सिष्टर, हिला बोलता येत न्हाई का हिला बोलायचंच न्हाई, तेवढं एकदा बघून सांगा."

मी नर्स होते. भोकरदन तालुक्यात, धावड्याच्या जवळच्या एका गावात आमचं आरोग्य उपकेंद्र होतं. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नर्सच्या कानावर पडलेलं गावाच्या नावासकट बाहेर जाऊ नये, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. पस्तीस वर्षांत लोकांनी मला पुष्कळ गोष्टी तपासायला सांगितल्या, पण सून बोलते की नाही हे तपासायची वेळ पहिलीच.

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे सुई टोचणं वाटतं. ते तर असतंच. पण उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक खाट, मागं नर्सचं क्वार्टर आणि अंगावर पाच गावं. या पाच गावांत कुणाला दिवस गेलेत, कुणाचं बाळ वजन धरत नाही, कुणाचा खोकला हटत नाही, हे नर्सला ठाऊक असावं लागतं आणि यातलं काहीही कुणी आपणहून सांगत नाही. म्हणून आम्ही घरोघर जाऊन बसतो, शेंगा फोडू लागतो आणि बोलता बोलता विचारतो. लसीच्या दिवशी एका आजीनं दोन नातवंडं कणगीत बसवून वर झाकण ठेवलं होतं. आतून शिंक आली म्हणून सापडली. बायको गेल्यावर एक म्हातारेबुवा रोज अकराला रक्तदाब मोजायला यायचे. रक्तदाब उत्तम असायचा. तरी मी रोज पट्टा बांधायचे. तेवढा वेळ कुणीतरी आपला हात धरलाय, एवढंच त्यांना हवं असायचं.

तर गयाबाईंची सून. करोनाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मुलगी विशीतली, सावळी, डोळे मोठे, मान खाली. मी कार्ड काढलं आणि नाव लिहिलं, सविता. तिनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं, मान हलवली आणि म्हणाली, "सबिता."

"बघा गयाबाई, बोलते की," मी म्हणाले.

"नावापुरतंच," गयाबाई म्हणाल्या.

सबिता ओडिशाची. गयाबाईंचा मुलगा ज्ञानेश्वर जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांतून सळया वाहणारा ट्रक चालवायचा. चार वर्षं त्याच्यासाठी मुली बघणं चाललं होतं. आता मुलींच्या बापांना नोकरीवाला जावई लागतो. खेड्यातल्या ड्रायव्हरला कोण देणार. ट्रक भरेपर्यंत ज्ञानेश्वर ज्या कामगारांत बसायचा, त्यांत ओडिशाचा एक जण होता, भट्टीवर काम करणारा. त्याची ही बहीण. फोटो आले-गेले, फोनवर बोलणं झालं आणि भाऊ तिला रेल्वेनं घेऊन आला. नवीन जालन्यातल्या एका देवळात लग्न लागलं. नवरा-बायको आपसांत मोडकीतोडकी हिंदी बोलत. पण ज्ञानेश्वर महिन्यातले वीस दिवस गाडीवर असायचा. घरात उरल्या गयाबाई आणि सबिता. गयाबाईंना हिंदी यायची ती सीरियलमधली, तीसुद्धा ऐकण्यापुरती. गावानं तोवर तिचं नाव 'उडियाची' करून टाकलं होतं. उडियाची आली, उडियाची पाण्याला गेली, असं.

तिला चौथा महिना होता. वजन बेचाळीस किलो. रक्त कमी. महिन्याभरानं पुन्हा पाहिलं तर काटा जागचा हलला नव्हता.

"जेवते का नीट?" मी गयाबाईंना विचारलं.

"भाकरीकडं बघून राह्यती नुसती. मी हिला पोळी करून देती, दूध देती. गोडधोड करती. न्हाई म्हणत न्हाई, पण गिळतच न्हाई. माझ्या हाताला चव न्हाई का काय, देव जाणे."

गयाबाई मनानं वाईट नव्हत्या, हे इथंच सांगून ठेवते. सुनेनं जेवावं म्हणून त्या खरंच जीव टाकत होत्या. पण त्यांच्या गळ्यात माळ होती, तीन पिढ्यांपासूनची. घरात कांदा-लसूण चालायचा, पण अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नव्हतं.

त्यांना बाहेर बसवून मी सबिताला हिंदीत विचारलं, "तुला काय खावंसं वाटतं?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग खाली बघत म्हणाली, "माछ भात."

मी मूळची मालवणकडची. बाविसाव्या वर्षी नेमणुकीचा कागद घेऊन मराठवाड्यात आले आणि पुढं लग्नही अंबडच्या माणसाशी केलं. हे कोर्टात कारकून होते. पहिल्या वर्षी मला भाकरी घशाखाली उतरायची नाही. सासूबाई चांगलं कालवण करायच्या आणि मी त्यात मीठ कमी, आंबट कमी, समुद्र कमी असं काहीबाही शोधत बसायचे. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मीही हेच दोन शब्द बोलले असते. म्हणून पुढं जे केलं ते केलं. कारण सांगते आहे, समर्थन करत नाही.

माझा भाऊ दर मे महिन्यात गावाहून सुकट पाठवायचा. पुढच्या मंगळवारी, गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी, मी सबिताला सगळ्यांत शेवटी बोलावलं आणि मागच्या क्वार्टरमध्ये नेलं. डबा उघडल्याबरोबर ती वाकली, वास घेतला आणि म्हणाली, "सुखुआ." मी म्हणाले, "सुकट." ताटात वाढलं तेव्हा तिनं एक कोळंबी उचलून दाखवली. "चिंगुडी." मी म्हणाले, "आमच्यात सुंगटां." मग ती हसली. लग्न होऊन आल्यापासून ती कुणासमोर हसली असेल असं मला वाटत नाही. तीन वेळा भात घेतला तिनं. जेवता जेवता भराभर उडियात काहीतरी सांगत सुटली आणि मीही तिला मालवणीत म्हणाले, "जेव गो बाय, पोटभर जेव." दोघींना दोघींचं निम्मंच कळत होतं. मला ती 'माउसी' म्हणू लागली. त्याचा अर्थ मात्र सांगावा लागला नाही.

असे आठ-नऊ मंगळवार गेले. एकदा गरम पातेलं तिच्या बोटाला लागलं तेव्हा ती बोट तोंडात धरून म्हणाली, "कष्ट हेला." मी विचारलं, कष्ट कसले? तर कळलं, त्यांच्याकडं दुखलं-खुपलं की कष्ट म्हणतात. आपण श्रमाला म्हणतो, ते वेदनेला. मला गंमत वाटली.

वजन चढू लागलं. अठ्ठेचाळीस झालं. गयाबाई एकदा रस्त्यात भेटल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "सिष्टर, तुमच्या गोळ्यांनी गुण आला बघा." मी मान हलवली. त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा."

खेड्यात सुकटीचा वास किती दिवस लपणार. एका मंगळवारी आम्ही जेवायला बसलो असताना दारात सावली पडली. गयाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या ताटाकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी म्हणलं गोळ्यांचा गुण हाये." एवढंच. आणि वळल्या. सबिता हात न धुता उठली आणि त्यांच्यामागं गेली.

त्यानंतर ती तपासणीला आली नाही. पहिल्या मंगळवारी नाही, दुसऱ्या मंगळवारी नाही. आठवा महिना चालू होता. गावातली आशाताई सांगायची, बरी आहे, दारात दिसली. माझ्या कामाचा साधा नियम आहे: बाई आली नाही तर नर्सनं जायचं. इतर कुठल्याही घरी मी दुसऱ्याच दिवशी गेले असते. पण गयाबाईंना तोंड दाखवायची मला लाज वाटत होती आणि त्या लाजेपायी मी सतरा दिवस घालवले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला सगळ्यांत जास्त टोचतं ते हे.

अठराव्या दिवशी सकाळी गेले. गयाबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. सूप थांबलं नाही.

"या म्हणावं तर कसं म्हणावं, सिष्टर," त्या म्हणाल्या. "बसा पण तिथंच."

मी पायरीवर बसले. विचारलं, सबिता कशी आहे?

"कशी असंल? दोन दिवसांपासून कष्ट कष्ट करून राह्यली. मला सांगा, कोणतं कष्ट दिलं मी हिला? झाडू मारू देत न्हाई, पाणी भरू देत न्हाई. भाकर मी टाकती, धुणं मी धुती. अन् ही मुंडी धरून बसती अन् म्हणती कष्ट. शेजारी ऐकतेत. लोक काय म्हणतील, परमुलखातली पोरगी आणून राबवून घेऊन राह्यले?"

माझ्या हातातली पिशवी तिथंच पडली. "गयाबाई, मुंडी धरून बसते म्हणजे? डोकं धरते का?"

आतून सबिताचा आवाज आला, अगदी बारीक. "माउसी, मुंड बिंधुछि. बहुत कष्ट."

मी कुणाला न विचारता आत गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. चेहरा फुगलेला, पाय सुजलेले. नडगीवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणाली. पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे सत्तर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गरोदरपणात कधी कधी रक्तदाब असा एकाएकी चढतो. डोकं ठणकतं, सूज येते आणि वेळेत हात घातला नाही तर आकडी येते. त्यात बाळ जातं, आई जाते, कधी दोघंही. अशी एक बाई मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी गमावली होती.

"गयाबाई," मी म्हणाले, "ती कामाचं बोलत नाहीये. त्यांच्या भाषेत कष्ट म्हणजे दुखणं. दोन दिवस ती तुम्हाला सांगते आहे, डोकं दुखतंय म्हणून."

गयाबाईंच्या हातून सूप सुटलं. तूर ओसरीभर झाली. त्या आत आल्या, सुनेसमोर बसल्या आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "अगं माय, मंग दुखतं म्हणायचं ना. दुखतं म्हण. मला काय कळावं?"

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून आकडीचं पहिलं इंजेक्शन मी तिथंच दिलं. रुग्णवाहिका आली. ज्ञानेश्वर नागपूरच्या रस्त्यावर होता. त्यानं गाडी वळवली तरी यायला दिवस जाणार होता. सबिताला झोपवलं, डोक्याशी गयाबाई आणि पायाशी मी. उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून गयाबाईंनी जालन्यापर्यंत आपला पदर तिच्या तोंडावर धरून ठेवला. हात दुखला तर दुसऱ्या हातानं, पण पदर खाली आला नाही.

भोकरदन मागं पडल्यावर गयाबाई म्हणाल्या, "हिच्या आईला फोन लावा."

मी सबिताच्या मोबाइलवरून लावला. पडद्यावर एक बाई दिसली, आमच्याच वयाची, कपाळावर मोठं कुंकू. मुलीला बघून ती रडू लागली, काहीतरी विचारू लागली. सबिता अर्धवट गुंगीत, "बोउ, बोउ" एवढंच म्हणत होती. बोउ म्हणजे आई. मी हिंदीत सांगायला तोंड उघडलं तर गयाबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सरळ मराठीत सुरू झाल्या. "बाई, रडू नका. तुमची पोरगी माझ्यापाशी हाये. मी हिला सोडून हालत न्हाई, बिलकुल न्हाई. नर्सबाई बी सोबत हायेत." पलीकडून ती बाई उडियात काहीतरी म्हणाली. गयाबाई म्हणाल्या, "हो. बराबर." पुन्हा ती काही म्हणाली, पुन्हा ह्या "हो" म्हणाल्या. रेंज जाईपर्यंत दोघी बोलत होत्या.

मला एकच भीती लागून राहिली होती, सुकटीतल्या मिठानं तर हा दाब चढला नसेल. सरकारी दवाखान्यात तिला आत घेतल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी बाजूला गाठलं आणि सुकटीचं सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला माहीत आहे की हे खाण्यानं होत नाही." माहीत होतं. पण कुणीतरी म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिझर झालं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. अठरा दिवस गयाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून राहिल्या. मी सुट्टीच्या दिवशी अंबडहून डबा घेऊन जायचे. एकदा मला म्हणाल्या, "सिष्टर, त्या ज्ञानूच्या मेव्हण्याकडून मला हिचे दहा-वीस शब्द लिहून आणा. तब्येतीचे आधी."

तिघी घरी आल्यावर बाळंतिणीच्या भेटीला मी गेले तेव्हा गोठ्याच्या पलीकडं चार पत्रे उभे केलेले दिसले. आत नवीन चूल, सारवलेली, बाजूला दोन पातेली. मी बघत राहिले तशा गयाबाई म्हणाल्या, "माझ्या चुलीवर न्हाई, माझ्या भांड्यात न्हाई. तिथं तिनं काय पण रांधावं. भोकरदनच्या बाजारातून ज्ञानू आणून देतो. मी नातीला घेऊन वट्यावर बसती, तिकडं पाठ करून." माझ्याशी त्या अजून मोजकंच बोलत होत्या. पण चहा आला.

मूल नऊ महिन्यांचं झालं, गोवराची लस झाली आणि सबिता पहिल्यांदा माहेरी निघाली. गावात कुजबुज झाली की आता काय ती परत येत नाही. गयाबाईंनी तिच्यासोबत ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. कुणी काही म्हटलं की त्या म्हणायच्या, "तिची आई हाये तिथं. ऱ्हाईना का." पण रोज सकाळी त्यांचा तिला फोन असायचा.

दीड महिन्यानं सबिता परतली. पोरीचं वजन करायला उपकेंद्रात आली तेव्हा तब्येत सुधारली होती आणि तोंडात इथली मराठी चांगलीच बसली होती.

"कसं होतं माहेर?" मी विचारलं.

"चांगलं. पण माउसी, तिकडं मला समदे मराठीन म्हणून राह्यले व्हते. वहिनी म्हणे, तुझं बोलणं बदललं. बोउनं पखाळ भात केल्ता, रातभर पाण्यात भिजवल्याला, मी लई वाट पाहिल्ती त्याची. अन् खाताना म्हणलं, ठेचा न्हाई का? समदे हासले."

"आणि इथं?"

"इथं उडियाची." ती पोरीच्या अंगात झबलं घालत होती. "पहिलं लई रडू यायचं. मी तिकडची बी न्हाई, इकडची बी न्हाई. तुमाला कळतं का ते?"

मला कळत होतं. माझा भाऊ मला फोनवर म्हणतो, तुझी मालवणी आता घाटावरची झाली. आणि अंबडला तीस वर्षांनंतरही कुणी नवीन पाहुणा आला की माझी ओळख कोकणातली वहिनी अशीच करून देतात. मी तिला हे सांगितलं. मग विचारलं, "तुला घर कुठलं वाटतं?"

तिनं झबल्याची गाठ मारली. नीट आठवून बोलावं तशी म्हणाली, "येताना गाडी जालन्याला आली ना, तवा मी ह्यांना म्हणलं, चला जल्दी, आई वाट पाहून राह्यली. मंग माझं मलाच ध्यानात आलं. बोउला तर मी आई म्हणत न्हाई." आणि पोरीला काखेत घेऊन पुढच्या तारखेचं कार्ड मागू लागली.

त्यानंतर दोन वर्षांनी मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला पाचही गावांतली माणसं आली. भाषणं झाली, साडी झाली, श्रीफळ झालं. सबिता पोरीला घेऊन पुढं बसली होती. गयाबाई आल्या नाहीत.

त्या दुसऱ्या दिवशी आल्या. मी क्वार्टरमधलं सामान खोक्यांत भरत होते. त्यांनी उंबरा ओलांडला, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, आणि भांडी कागदात गुंडाळू लागल्या. अर्धं खोकं भरलं. मग मी म्हणाले, "गयाबाई, एक बोलायचं राहून गेलंय. ते मी तुमच्यापासून लपवून केलं. चुकलं माझं."

वाटलं होतं, असू द्या म्हणतील. पोरगी वाचली, नात मोठी झाली, आता कशाला ते, असं काहीतरी. गयाबाईंनी हातातला पेला गुंडाळून खोक्यात ठेवला.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "तुमाला वाटलं, ही माळकरीण, हिला काय सांगायचं. अन् सांगितलं असतं तर मी न्हाईच म्हणले असते, ते बी खरं. भांडले असते तुमच्याशी. पण सिष्टर, पोरगी उपाशी बसती ते मला बी दिसून राह्यलं व्हतं. मी दोन दिवस रुसले असते, अन् मंग हो म्हणले असते. ते दोन दिवस तुमी मला दिले न्हाईत."

मी खोक्याची झाकणं दुमडली. गयाबाईंनी सुतळीचं एक टोक माझ्या हातात दिलं, "घट्ट धरा" म्हणाल्या आणि खोक्याला गाठ मारली.